पल्ला शंभर किलोमीटर, पण कोणत्या परिस्थितीत? ‘अस्त्र’सारखी क्षेपणास्त्रं कशी चालतात, कशी घडतात आणि कशी विकली जातात

लढाऊ विमानातून दुसऱ्या विमानावर डागायच्या क्षेपणास्त्राची बातमी आली की मथळ्यात एकच आकडा असतो, तो म्हणजे पल्ला. आपलं ‘अस्त्र’ शंभर किलोमीटर, चीनचं पीएल-१५ दोनशेच्या वर, रशियाचं आर-३७एम तीनशेच्या पुढे. मग या आकड्यांवरून कोण वरचढ याची चर्चा सुरू होते. हा आकडा खोटा नसतो, पण तो एका ठरावीक आणि हल्लेखोराला सर्वांत सोयीच्या परिस्थितीतला असतो. ती परिस्थिती समजली की असं क्षेपणास्त्र बनवायला पंधरा-वीस वर्षं का लागतात आणि बनल्यावरही ते दुसऱ्या देशाला विकणं इतकं किचकट का असतं, हेही उलगडतं.

उदाहरण म्हणून ‘अस्त्र मार्क-१’ घेऊ. वजन १५४ किलो, व्यास १७८ मिलिमीटर, लांबी साडेतीन मीटरच्या थोडी वर. स्फोटकाचा भाग, म्हणजे वॉरहेड, फक्त १५ किलोचं. कमाल वेग ध्वनीच्या साडेचार पट. अमेरिकेचं अ‍ॅमराम आणि युरोपचं मिटिऑर यांचा व्यासही १७८ मिलिमीटरच आहे. विमानाच्या पंखाखाली किंवा पोटाखाली अशी चार-सहा क्षेपणास्त्रं मावायची असतील, तर एकेकाच्या आकारावर आणि वजनावर मर्यादा येतेच. बाकी सगळी कसरत या अरुंद नळकांड्याच्या आत करायची असते.

पल्ल्याचा हिशेब

क्षेपणास्त्राची मोटर संपूर्ण उड्डाणभर जळत नाही. साध्या घन इंधनाच्या मोटरचं ज्वलन काही सेकंदांतच संपतं. त्यानंतर गोफणीतून सुटलेल्या दगडासारखं ते मिळालेल्या वेगावरच पुढे जातं, आणि हवेच्या विरोधामुळे दर सेकंदाला थोडा वेग गमावत राहतं. म्हणून लांबच्या लक्ष्यासाठी त्याला सरळ रेषेत पाठवत नाहीत. आधी ते वर विरळ हवेत चढतं, तिथे कमी विरोधात अंतर कापतं आणि मग लक्ष्यावर उतरतं. बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण पाव असते. तेच क्षेपणास्त्र डोंगराआडून खालच्या उंचीवर डागलं तर पल्ला कित्येक पटींनी घटतो.

आता सोपा हिशेब करू. बारा किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर असतो. क्षेपणास्त्राचा सरासरी वेग त्याच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला ८८५ मीटर धरू. शत्रूचं विमान समोरून सेकंदाला २७० मीटर वेगानं येत आहे आणि अंतर १०० किलोमीटर आहे. दोघं एकमेकांकडे सेकंदाला ११५५ मीटर वेगानं सरकतात, म्हणून गाठ पडते सुमारे ८७ सेकंदांनी. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र ७७ किलोमीटर जातं. उरलेले २३ किलोमीटर लक्ष्यानं स्वतःच कापलेले असतात.

तेच विमान क्षेपणास्त्र सुटल्याबरोबर पाठ फिरवून पळू लागलं तर? त्याच ८७ सेकंदांत अंतर फक्त ५३-५४ किलोमीटरनं कमी होतं. शंभर किलोमीटरचं क्षेपणास्त्र या प्रसंगी पन्नासचं झालं. हा हिशेबही उदार आहे, कारण त्यात वेग कमी होत जाणं वेगळं धरलेलं नाही. म्हणून वैमानिकांना जाहिरातीतल्या पल्ल्यापेक्षा दुसरं अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं: ज्याच्या आत लक्ष्यानं काहीही केलं, वळलं, पळलं, खाली डुबकी मारली, तरी त्याची सुटका नाही असं अंतर. कोणताही देश हे अंतर जाहीर करत नाही.

त्यामुळे पल्ला वाढवण्याच्या सगळ्या खटपटीचा खरा उद्देश शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राकडे वेग शिल्लक ठेवणं हा असतो. वेग कमी झालेलं क्षेपणास्त्र लक्ष्यापर्यंत पोहोचलं तरी त्याला तीव्र वळण घेता येत नाही, आणि लक्ष्य शेवटच्या क्षणी वळून निसटतं.

त्यावर आज दोन उपाय आहेत. पहिला, मोटर दोन टप्प्यांत पेटवायची: पहिला टप्पा सुरुवातीला, दुसरा बऱ्याच वेळानं, गाठ पडण्याच्या आधी. ‘अस्त्र मार्क-२’ याच पद्धतीवर आहे आणि पीएल-१५ मध्येही हीच रचना असल्याचं मानलं जातं. यात कस लागतो तो दोन इंधनखंडांमधल्या पडद्याचा. पहिला खंड जळताना त्यानं हजारो अंशांची उष्णता आणि दाब अडवायचा, आणि दुसरा पेटला की तुकड्यांनी मार्ग बंद न करता बाजूला व्हायचं. दुसरा खंड नेमका केव्हा पेटवायचा हा निर्णयही क्षेपणास्त्रातल्या संगणकाचा असतो. तो लवकर पेटला तर दोन टप्प्यांचा फायदा गेला, उशीर झाला तर लक्ष्य हातचं गेलं.

दुसरा उपाय रॅमजेटचा. साध्या रॉकेटच्या इंधनात मोठा वाटा ऑक्सिजन पुरवणाऱ्या रसायनाचा असतो. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन वापरला तर ते वजन वाचतं आणि त्या जागी खरं इंधन भरता येतं. मिटिऑरमध्ये हेच आहे: वजन १९० किलो, पोटाजवळ हवा घेणारी दोन तोंडं, आणि गरजेप्रमाणे इंधनवायूचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप. ते स्वीडनच्या ग्रिपेन विमानांवर २०१६ मध्ये सर्वप्रथम सेवेत आलं. भारतात याच धर्तीवरचं घन इंधनाचं रॅमजेट हैदराबादच्या डीआरडीएल या प्रयोगशाळेनं विकसित केलं. त्यात हैदराबादचीच आरसीआय आणि पुण्याची एचईएमआरएल या प्रयोगशाळांचा सहभाग आहे. ओडिशातल्या चांदीपूरला २०१८ पासून त्याच्या चाचण्या झाल्या. या चाचण्या जमिनीवरून होतात, म्हणून विमानातून सुटताना मिळणारा वेग आणि उंची देण्यासाठी आधी वेगळी बूस्टर मोटर लावतात. ‘अस्त्र’ची पुढची आवृत्ती ‘गांडीव’ याच इंजिनावर आधारलेली आहे.

रॅमजेट एका किमान वेगाखाली चालतच नाही. आधी बूस्टरनं वेग द्यायचा, तो जळून संपताच हवेच्या तोंडांवरची झाकणं उघडायची, आणि त्याच क्षणी आतलं ज्वलन सुरू व्हायचं. हा बदल सेकंदाच्या काही अंशांत होतो आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. शिवाय तीव्र कोनात वळताना एका तोंडात हवा कमी शिरली तर ज्वलन विझू शकतं. म्हणून असं क्षेपणास्त्र आधी एका अंगावर कलतं आणि मग वळतं.

लक्ष्य कुठे आहे, हे कोण सांगतं?

वरच्या हिशेबात लक्ष्य ८७ सेकंदांत २३ किलोमीटर सरकलं. म्हणजे सुटताना दिलेला पत्ता पोहोचेपर्यंत शिळा झालेला असतो. क्षेपणास्त्राच्या नाकात स्वतःचा छोटा रडार असतो, त्याला सीकर म्हणतात. पण तो शंभर किलोमीटरवर पाहू शकत नाही, आणि त्याला कारण भौतिकशास्त्राचं आहे. रडारची लहर जाते आणि परत येते, त्यामुळे दुप्पट अंतरावरचं तेच लक्ष्य दिसण्यासाठी सोळापट शक्ती लागते. सुखोईच्या नाकातल्या रडारचा अँटेना जवळपास एक मीटर व्यासाचा असतो. क्षेपणास्त्रात त्यासाठी जागा आहे वीतभराहून कमी, आणि वीज मिळते ती काही मिनिटं पुरणाऱ्या बॅटरीची.

म्हणून उड्डाणाचे दोन भाग पडतात. बराचसा प्रवास क्षेपणास्त्र आतल्या जडत्वीय दिशादर्शकावर, म्हणजे स्वतःची हालचाल मोजून जागा ओळखणाऱ्या यंत्रावर करतं आणि डागणारं विमान आपल्या रडारवर लक्ष्य पाहून डेटालिंकनं, म्हणजे रेडिओ संदेशांनी, ताजी माहिती पाठवत राहतं. शेवटच्या पंधरा किलोमीटरच्या आसपास सीकर जागा होतो, लक्ष्य पकडतो आणि मग विमानाची गरज उरत नाही.

जोखमीची जागा या दोन भागांच्या सांध्यात आहे. ‘अस्त्र’चा भारतीय सीकर केयू बँडमध्ये काम करतो, म्हणजे लहरींची लांबी साधारण दोन सेंटिमीटर. सोळा-सतरा सेंटिमीटरच्या अँटेनातून निघणारा झोत सुमारे सात अंश रुंद होतो. पंधरा किलोमीटरवर त्याची रुंदी दोन किलोमीटरच्या आत असते. तेवढ्या टापूत लक्ष्य सापडलं तर ठीक, नाहीतर सीकरला शोधाशोध करावी लागते आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. दिशादर्शकाची साचलेली चूक, डेटालिंकमधला विलंब, रडारच्या मोजमापातली चूक, या सगळ्यांची बेरीज त्या टापूत बसवायची असते. वैमानिकाला क्षेपणास्त्र सुटल्यावर लगेच पाठ फिरवायची असते, कारण समोरूनही क्षेपणास्त्र येत असू शकतं. पण त्यानं आपला रडार लक्ष्यावरून लवकर हलवला तर हा टापू चुकतो. लांब पल्ल्याच्या हवाई लढाईत वैमानिकाला सर्वांत अवघड जाणारा निर्णय हाच, असं आमचं मत आहे.

शत्रूही स्वस्थ बसत नाही. तो क्षेपणास्त्राच्या दिशेला काटकोनात वळतो. मग त्याचा जवळ येण्याचा वेग जवळपास शून्य होतो आणि वेगातल्या फरकावरून लक्ष्य ओळखणारा रडार त्याला जमिनीच्या परावर्तनात हरवून बसतो. शिवाय धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग सोडणं, खोट्या लहरी पाठवणं आणि दोरीला बांधलेलं फसवं लक्ष्य मागे ओढणं हे प्रकार आहेतच. सीकरचं सॉफ्टवेअर हे सगळं ओळखण्यासाठी लिहिलेलं असतं, आणि ते लिहायला शत्रूच्या यंत्रणांच्या खऱ्या नोंदी लागतात. मोटर आणि पंखांपेक्षा हा भाग जास्त काळ घेतो. त्याचं श्रेय मात्र फारसं कुणी देत नाही.

शेवटी वॉरहेड. क्षेपणास्त्र लक्ष्यावर आदळलंच पाहिजे असं नाही. जवळ आलं की प्रॉक्सिमिटी फ्यूज अंतर ओळखून स्फोट घडवतो आणि आधीच घडवून ठेवलेले धातूचे तुकडे विमानाकडे फेकले जातात. दोघं एकमेकांकडे सेकंदाला हजारावर मीटर वेगानं येत असताना एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे एका मीटरहून जास्त फरक. १५ किलोचं वॉरहेड पुरतं ते या अचूकतेच्या जोरावरच.

विमानावर बसवणं

‘अस्त्र’चा कालक्रम पाहिला तर वेळ कुठे गेला हे दिसतं. जमिनीवरून पहिली चाचणी मे २००३ मध्ये चांदीपूरला झाली. प्रकल्पाला सरकारी मंजुरी २००४ ची. सुरुवातीच्या आराखड्यात नियंत्रणाच्या अडचणी निघाल्या आणि क्षेपणास्त्राची बाह्यरचना बदलावी लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या तळावरून सुखोई-३० एमकेआय ‘अस्त्र’ घेऊन नुसतं उडालं, डागलं काहीच नाही. सुखोईतून पहिला प्रत्यक्ष मारा झाला ४ मे २०१४ रोजी, गोव्याजवळच्या नौदलाच्या क्षेत्रात. सप्टेंबर २०१९ मध्ये वायुदलाच्या चाचण्यांची मोठी फेरी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ झाली. ३१ मे २०२२ रोजी भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीशी २,९७१ कोटी रुपयांचा करार झाला आणि वायुदलासाठीची पहिली खेप १४ जानेवारी २०२४ रोजी हैदराबादहून निघाली.

काहीही न डागता घेतलेली ती उड्डाणं वरवर बिनमहत्त्वाची वाटतात. पण पंखाखाली टांगलेल्या क्षेपणास्त्रानं विमानाच्या वळणांचा भार, कंपनं, जमिनीवरचा चाळीस अंशांचा उन्हाळा आणि काही मिनिटांतच वरची उणे पन्नासची थंडी सोसायची असते. सांधे ढिले होतात, जोडण्या निखळतात, इंधनखंडाला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. तडा गेला की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटू शकते. म्हणून सेवेतल्या प्रत्येक क्षेपणास्त्राच्या साठवणुकीच्या वर्षांबरोबर ते पंखाखाली किती तास उडालं याचीही नोंद ठेवतात. तासांची मर्यादा भरली की ते न डागताही तपासणीला जातं.

पुढचा प्रश्न सुटण्याचा. रेल लाँचरवरून, म्हणजे पंखाखालच्या रुळावरून, क्षेपणास्त्र मोटर पेटवून घसरत पुढे निघतं. त्या क्षणी विमान वळणात असेल, तर हवेचा प्रवाह त्याला विमानाकडेच ढकलू शकतो. मोटरचा धूर इंजिनात शिरला तर इंजिन गुदमरतं. आज्ञा देऊनही मोटर पेटली नाही, तर पंखाखाली अर्धवट जागं झालेलं क्षेपणास्त्र घेऊन उतरावं लागतं, कारण त्याची बॅटरी एकदाच पेटते आणि परत थांबवता येत नाही. यातल्या प्रत्येक शक्यतेसाठी वेग, उंची आणि वळणाच्या वेगवेगळ्या जोड्यांवर चाचण्या होतात.

यानंतर येतं सॉफ्टवेअर. विमानाचा मिशन संगणक, रडार, डेटालिंक, वैमानिकासमोरचा पडदा आणि क्षेपणास्त्र यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. त्यासाठी विमानाच्या संगणकात बदल करण्याचा अधिकार हातात असावा लागतो. सुखोई-३० एमकेआयचे मिशन संगणक भारतात विकसित झालेले आहेत, आणि ‘अस्त्र’ला पहिलं घर तिथे मिळालं याचं हे मोठं कारण. तेजसमधून पहिला मारा २३ ऑगस्ट २०२३ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळ, सुमारे २०,००० फुटांवरून झाला. विमान बदललं की हे सगळं काम जवळजवळ पहिल्यापासून करावं लागतं.

दुसऱ्या देशाला विकणं

ग्राहक देश नुसती क्षेपणास्त्रं घेत नाही. त्याच्या यादीत लाँचर, तपासणीची यंत्रं, इंधन नसलेली सरावाची क्षेपणास्त्रं, साठवणुकीच्या पेट्या, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, सॉफ्टवेअरचे पुढचे बदल आणि पंधरा-वीस वर्षांचे सुटे भाग असतात. सर्वांत मोठी बाब म्हणजे त्याच्या विमानावर हे बसवून देण्याचं काम. त्यासाठी विमान बनवणाऱ्याचं सहकार्य लागतं. भारताकडची मिटिऑर राफेलवर आहेत. ती आपल्याला वाटलं म्हणून सुखोईवर लावता येत नाहीत. म्हणूनच या क्षेपणास्त्रांचे सौदे बहुधा विमानाच्या सौद्याच्या पोटात होतात: एफ-१६ बरोबर अ‍ॅमराम, चीनच्या जे-१०सी विमानाबरोबर पीएल-१५ई, म्हणजे पीएल-१५ ची निर्यातीची आवृत्ती.

विमान आहे पण क्षेपणास्त्रं नाहीत, अशी अवस्था आर्मेनियाची झाली. त्या देशाला रशियाकडून चार सुखोई-३० एसएम मिळाली, पण सोबत क्षेपणास्त्रं आली नाहीत. अझरबैजानशी झालेल्या २०२० च्या काराबाख युद्धात ती विमानं निरुपयोगी ठरली आणि पुढे पंतप्रधान पाशिनियान यांनी ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली. सुखोई-३० च्या वेगवेगळ्या आवृत्त्या मलेशिया, व्हिएतनाम, अल्जेरिया, इंडोनेशिया अशा अनेक देशांकडे आहेत. ‘अस्त्र’साठी ओळखीची बाजारपेठ हीच, मात्र प्रत्येकाचे रडार आणि संगणक वेगळे असल्यामुळे भारतात झालेलं काम तिथे जसंच्या तसं चालत नाही.

विकायची परवानगी हा वेगळाच विषय आहे. क्षेपणास्त्रातला महत्त्वाचा भाग दुसऱ्या देशाचा असेल, तर तिसऱ्याला विकताना त्या देशाची संमती लागते. ‘अस्त्र’च्या सुरुवातीच्या क्षेपणास्त्रांत रशियन सीकर होता. ११ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुखोईतून भारतीय सीकर लावलेल्या ‘अस्त्र’च्या दोन चाचण्या वेगवान मानवरहित लक्ष्यांवर झाल्या. निर्यातीच्या दृष्टीनं आम्ही या चाचण्यांना पल्ल्याच्या कोणत्याही विक्रमापेक्षा वरचं स्थान देतो. अनेक भागीदार असले की काय होतं हे युरोपातल्या काही देशांनी मिळून बनवलेल्या युरोफायटर विमानानं दाखवलं आहे. सौदी अरेबियाला आणखी विमानं विकायला ब्रिटन तयार असूनही जर्मनीनं ते वर्षानुवर्षं अडवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये विरोध मागे घेतला. मिटिऑर तर सहा देशांचं मिळून आहे.

भारतातली प्रक्रिया अशी. शस्त्रास्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या ‘स्कोमेट’ यादीत लष्करी साहित्य सहाव्या गटात येतं आणि त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं: माल कोण वापरणार, आणि आमच्या संमतीशिवाय पुढे विकणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं जमिनीवरून विमानांवर डागायच्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राच्या निर्यातीला मंजुरी देताना अशा निर्णयांसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. निर्यातीचं ‘आकाश’ आपल्या सैन्याकडच्यापेक्षा वेगळं असेल, हेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

निर्यातीसाठी वेगळी आवृत्ती सगळेच देश ठेवतात. चीननं पीएल-१५ई चा पल्ला १४५ किलोमीटर जाहीर केला आहे, मूळ क्षेपणास्त्राच्या सांगितल्या जाणाऱ्या पल्ल्यापेक्षा बराच कमी. यामागे स्वतःची आघाडी राखण्याचा विचार आहेच, पण विकलेली वस्तू कुणाच्या हाती पडेल याची भीतीही आहे. पाकिस्तानशी झालेल्या मे २०२५ च्या संघर्षात पीएल-१५ई चे अवशेष पंजाबात होशियारपूरजवळ पडले आणि १२ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकारांसमोर ते दाखवले. न फुटलेल्या सीकरमधून अँटेनाची रचना, लहरींची पद्धत, कधीकधी सॉफ्टवेअरही कळू शकतं, आणि त्यावरून फसवण्याचे उपाय तयार होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीनंतर भारतानं अ‍ॅमरामचा तुकडा दाखवला तेव्हा त्याचा उपयोग वेगळा होता: पाकिस्तानकडे हे क्षेपणास्त्र केवळ एफ-१६ वर चालत असल्यामुळे त्या चकमकीत एफ-१६ वापरली गेली, हे त्यातून मांडलं गेलं.

विक्रीनंतरचं नातं तुटलं तर काय होतं, याचं उदाहरण इराण आहे. अमेरिकेनं एफ-१४ विमान आणि त्याचं लांब पल्ल्याचं फिनिक्स क्षेपणास्त्र दुसऱ्या एकाच देशाला विकलं, ते शहाच्या काळातल्या इराणला. ७९ विमानं पोहोचली. १९७९ च्या क्रांतीनंतर सुटे भाग आणि तंत्रज्ञ दोन्ही बंद झाले, आणि इराणला इराकशी झालेल्या युद्धात हाताशी असलेल्या साठ्यावर आणि स्वतःच्या दुरुस्तीवर भागवावं लागलं. ग्राहक देश म्हणूनच विचारतो की तुमचं स्वतःचं वायुदल हे क्षेपणास्त्र किती संख्येनं घेत आहे आणि कारखाना किती वर्षं चालणार आहे. ‘अस्त्र’च्या बाबतीत त्याचं उत्तर आता आकार घेत आहे: सुखोईवर ते बसलेलं आहे, तेजसवर चाचण्या झाल्या आहेत, नौदलाच्या मिग-२९केवर बसवायचं ठरलेलं आहे, आणि उत्पादनात पन्नासहून अधिक उद्योगांचा सहभाग आहे.